ओटीपी अडकतो कुठे? संगणक एकमेकांना निरोप कसे पाठवतात

८ मार्च २०२१, सोमवार. देशभरात अनेकांचे ओटीपी येईनासे झाले. कार्डाचं पेमेंट, नेटबँकिंग, रेल्वेचं तिकीट, आधारची पडताळणी, नुकतीच सुरू झालेली कोविनवरची लस-नोंदणी, सगळीकडे एकच तक्रार होती. बँकांचे सर्व्हर चालू होते, मोबाइलला रेंज होती, ओटीपी तयारही होत होता. पण तो मधेच कुठेतरी टाकून दिला जात होता.

कारण साधं होतं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीने आपलं पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा ठरावीक मजकूर आधी नोंदवून ठेवायचा होता. मेसेज नोंदवलेल्या मजकुराशी जुळला तरच मोबाइल कंपन्यांनी तो पुढे सोडायचा. ही चाळणी त्या दिवशी प्रत्यक्ष लागू झाली. अनेक कंपन्यांनी नोंदणी पूर्ण केली नव्हती, काहींच्या मजकुरात फरक होता. चाळणीने आपलं काम चोख केलं आणि लोकांची कामं अडली. दुसऱ्याच दिवशी ‘ट्राय’ने ही चाळणी सात दिवसांसाठी थांबवली.

खात्यातून पैसे गेले की फोन वाजतो, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की तो निरोप किती हातांतून येतो याचा विचार कोणी करत नाही. तो आला नाही, उशिरा आला किंवा दोनदा आला की मात्र धाकधूक होते. पैसे गेले का? पुन्हा पाठवू का? दुकानदाराला मिळाले का? या प्रश्नांची उत्तरं हवी असतील तर आधी संगणक एकमेकांशी बोलतात कसे, ते पाहावं लागेल.

फोन करायचा की चिठ्ठी पाठवायची?

एका संगणकाला दुसऱ्याला काही सांगायचं असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला फोनसारखा. समोरच्याने उचलला पाहिजे, बोलणं संपेपर्यंत दोघंही अडकून राहणार, आणि समोरचा कामात असेल तर आपण ताटकळत बसणार. दुसरा चिठ्ठीसारखा. लिहिली, पेटीत टाकली, आपण आपल्या कामाला लागलो. समोरचा सवडीने उघडेल.

बँकेच्या मुख्य प्रणालीचं, म्हणजे खात्यांचा हिशोब ठेवणाऱ्या संगणकाचं, उदाहरण घ्या. तुमच्या खात्यातून ५०० रुपये गेले की ही गोष्ट किती जणांना कळवायची असते? एसएमएस पाठवणाऱ्या विभागाला, मोबाइल ॲपला, फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेला, पासबुक आणि स्टेटमेंट तयार करणाऱ्या प्रणालीला, रिवॉर्ड पॉइंट देणाऱ्याला. या प्रत्येकाला फोन करत बसायचं ठरवलं, तर रिवॉर्ड पॉइंटवाला संगणक बंद पडला म्हणून तुमचं पेमेंट अडकेल. हे कोणालाच परवडणारं नाही.

शिवाय जोडण्यांचा गुंता वेगळाच. दहा प्रणालींनी एकमेकांशी थेट बोलायचं तर ४५ जोडण्या लागतात. प्रणाली वीस झाल्या की जोडण्या १९० होतात. एका ठिकाणी बदल केला की दहा ठिकाणी दुरुस्ती. मोठ्या कंपन्यांच्या आयटी विभागात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना हे जाळं चांगलंच ठाऊक असतं. ते कागदावर कोणाकडेच पूर्ण काढलेलं नसतं.

म्हणून मधे एक पोस्ट ऑफिस बसवलं जातं. तांत्रिक भाषेत त्याला मेसेज ब्रोकर म्हणतात आणि त्याच्याकडे असलेल्या निरोपांच्या रांगेला क्यू. पाठवणारा निरोप रांगेत ठेवतो, घेणारा आपल्या वेगाने रांगेतून उचलतो. दिवाळीच्या खरेदीत एका मिनिटात नेहमीच्या कितीतरी पट व्यवहार झाले, तरी रांग लांबते एवढंच, काही कोसळत नाही. तुमचा मेसेज दोन मिनिटं उशिरा येतो, पण येतो. मेसेज उशिरा येण्याचं सर्वात सामान्य कारण हेच आहे, आणि खरं तर ती व्यवस्था चालू असल्याची खूण आहे.

पोचपावतीशिवाय काही खरं नाही

पण पोस्ट ऑफिसच बंद पडलं तर? रांग संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असेल तर वीज गेल्याबरोबर सगळे निरोप पुसले जातील. म्हणून महत्त्वाचे निरोप ब्रोकर आधी डिस्कवर लिहून ठेवतो, बऱ्याचदा दोन-तीन वेगवेगळ्या मशीनवर, आणि त्यानंतरच पाठवणाऱ्याला ‘मिळाला’ असं कळवतो. तोपर्यंत पाठवणाऱ्याने आपली प्रत फाडायची नसते. पुढेही तोच नियम. घेणाऱ्याने निरोप नुसता उचलून भागत नाही. त्यावरचं काम संपलं की पोचपावती द्यायची, मगच ब्रोकर तो निरोप रांगेतून काढतो. पावती आली नाही तर तोच निरोप पुन्हा कोणाला तरी दिला जातो.

आयबीएमने १९९३ साली ‘एमक्यूसीरीज’ नावाचं उत्पादन बाजारात आणलं ते याच कामासाठी. वेगवेगळ्या बनावटीच्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या संगणकांमध्ये निरोप हरवू न देता पोहोचवणं. बँकांनी ते उचलून धरलं, आणि नाव बदलून ते आजही अनेक बँकांच्या पोटात काम करतंय.

इथे एक बारीक पण जीवघेणी फट राहते. खात्यातून पैसे वजा करणं हे एक काम आणि रांगेत निरोप टाकणं हे दुसरं. पहिलं झालं आणि दुसरं होण्याआधीच मशीन बंद पडलं तर पैसे गेले, पण जगाला कळलंच नाही. उलट क्रम केला तर पैसे न जाताच ‘पैसे गेले’ असा मेसेज जाईल. यावरचा उपाय जुन्या पेढीवरच्या मुनिमालाही पटला असता. खातेवहीच्या ज्या पानावर वजावट लिहायची, त्याच पानाच्या कडेला ‘अमुक निरोप पाठवायचा आहे’ असंही लिहायचं. पान एकतर पूर्ण लिहिलं जाईल किंवा अजिबात नाही. मग एक वेगळा शिपाई फक्त ही कडेची टिपणं वाचत फिरतो आणि निरोप पोहोचवून त्यावर खूण करतो. प्रोग्रामर याला ‘आउटबॉक्स’ म्हणतात.

जुहूचा मुलगा आणि वॉल स्ट्रीटचे पडदे

या गोष्टीत दोन मराठी माणसं ठळकपणे येतात. पहिले विवेक रणदिवे. मुंबईत जुहूला वाढलेले, पुढे अमेरिकेत एमआयटीत शिकलेले. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या शेअर दलालांच्या टेबलावर एकेका माणसापुढे अनेक पडदे असत. एकावर एका बाजाराचे भाव, दुसऱ्यावर बातम्या, तिसऱ्यावर आणखी काही. दलालाने सगळीकडे डोळे फिरवायचे आणि मनात गणित जुळवायचं.

रणदिवे हार्डवेअरचे जाणकार. संगणकाच्या आत ‘बस’ नावाची एक सामाईक वाट असते. प्रत्येक भाग दुसऱ्या प्रत्येक भागाला वेगळ्या तारेने जोडण्याऐवजी सगळे त्या एका वाटेवर जोडलेले असतात. सॉफ्टवेअरमध्येही अशीच वाट का असू नये, या विचारातून टेकनेक्रॉन या त्यांच्या कंपनीने ‘द इन्फर्मेशन बस’ तयार केली. गोल्डमन सॅक्ससारख्या संस्थेच्या व्यवहार-दालनात ती पोहोचली. १९९४ मध्ये रॉयटर्सने ती कंपनी विकत घेतली आणि १९९७ मध्ये त्यातूनच ‘टिब्को’ उभी राहिली. नावातला ‘टिब’ म्हणजे तीच इन्फर्मेशन बस.

या बसमधली खरी नवी गोष्ट पत्त्याची होती. चिठ्ठीवर माणसाचं नाव लिहायचंच नाही, विषय लिहायचा. ‘अमुक कंपनीच्या शेअरचा भाव’ असा विषय. ज्याला तो हवा त्याने वर्गणीदार व्हायचं. पाठवणाऱ्याला वाचणारे किती आहेत, कोण आहेत, याचा पत्ताही नसतो. वर्तमानपत्राच्या छापखान्याला कुठे माहीत असतं कुठल्या घरात कोण अग्रलेख वाचतं? या पद्धतीला पब्लिश-सबस्क्राइब म्हणतात. रांगेतला निरोप एकालाच मिळतो, विषयावरचा निरोप सगळ्या वर्गणीदारांना.

बँकेच्या उदाहरणात याचा फायदा लगेच दिसतो. मुख्य प्रणालीने फक्त एकदा जाहीर करायचं, ‘या खात्यातून ५०० रुपये गेले’. एसएमएस विभाग, ॲप, फसवणूक-शोधक हे सगळे वर्गणीदार. उद्या बँकेने नवी सेवा काढली तर ती गुपचूप वर्गणीदार होईल, मुख्य प्रणालीच्या एकाही ओळीला हात लावावा लागणार नाही.

ही उत्पादनं महाग होती आणि एका कंपनीचा ब्रोकर दुसऱ्या कंपनीच्या ब्रोकरशी बोलत नसे. बँकांना याचा वैताग आला. २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेसमधल्या जॉन ओ’हारा यांनी सर्वांसाठी खुल्या अशा ‘एएमक्यूपी’ या नियमावलीवर काम सुरू केलं. त्या नियमावलीवर आधारलेला ‘रॅबिटएमक्यू’ हा मोफत ब्रोकर २००७ मध्ये आला. आज लहानसहान कंपन्यासुद्धा तो सर्रास वापरतात.

एकच निरोप दोनदा आला तर?

आता सगळ्यात किचकट भाग. ‘निरोप नक्की एकदाच पोहोचेल’ अशी हमी देता येते का?

संगणकशास्त्रात यासाठी एक जुनं कोडं आहे. १९७५ मध्ये ते पहिल्यांदा मांडलं गेलं आणि पुढे जिम ग्रे यांनी त्याला ‘दोन सेनापतींचं कोडं’ असं नाव दिलं. एकाच बाजूच्या दोन फौजा समोरासमोरच्या दोन डोंगरांवर आहेत, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच विजय. पहिला सेनापती जासूद पाठवतो, ‘पहाटे हल्ला’. जासूद पोहोचला की वाटेत मारला गेला, हे पहिल्याला कळत नाही. म्हणून दुसरा उलट जासूद पाठवतो, ‘निरोप मिळाला’. पण हा जासूद पोहोचला का, हे आता दुसऱ्याला कळत नाही. मग पहिल्याने पोचपावतीची पोचपावती पाठवायची. असे कितीही जासूद धावले तरी शेवटचा निरोप पाठवणारा कायम साशंकच राहतो. बेभरवशाच्या वाटेवरून दोघांची पूर्ण खात्री पटवणं अशक्य आहे, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.

दुकानात उभं राहून ‘प्रोसेसिंग’ असं फिरणारं चक्र बघताना नेमकं हेच चाललेलं असतं. यूपीआयमध्ये एनपीसीआय आधी पैसे देणाऱ्याच्या बँकेला वजावट करायला सांगते, तिचा होकार आला की घेणाऱ्याच्या बँकेला जमा करायला सांगते. समजा दुसऱ्या बँकेकडून वेळेत उत्तर आलं नाही. याचे अर्थ दोन. विनंती पोहोचलीच नाही, किंवा पैसे जमा झाले पण उत्तर वाटेत हरवलं. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. पहिला अर्थ धरून पैसे परत केले आणि खरं दुसरं असेल, तर बँकेचं नुकसान. दुसरा अर्थ धरला आणि खरं पहिलं असेल, तर ग्राहकाचं.

व्यवहारात मग निवड करावी लागते. निरोप एकदाच पाठवायचा आणि हरवला तर हरवला, हा एक पर्याय. क्रिकेटच्या स्कोअरसाठी तो ठीक आहे, कारण पुढच्या चेंडूला नवा आकडा येतोच. पैशासाठी तो चालत नाही. तिथे पावती मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं. म्हणजे निरोप हरवणार नाही, पण कधीतरी दोनदा येणार. एकाच व्यवहाराचे दोन एसएमएस येतात ते बऱ्याचदा यामुळे. पहिला पोहोचला, त्याची पावती हरवली, म्हणून दुसरा सुटला. पैसे मात्र एकदाच गेलेले असतात.

ते एकदाच का जातात? कारण दुरुस्ती पोस्टात केलेली नाही, घेणाऱ्याच्या घरी केलेली आहे. प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक असतो. यूपीआयच्या पावतीवर दिसणारा बारा आकडी संदर्भ क्रमांक ही त्यातलीच ओळखीची खूण. घेणारा संगणक आधी वहीत बघतो, हा क्रमांक पूर्वी येऊन गेलाय का? गेला असेल तर पुन्हा काम करायचं नाही, फक्त जुनंच उत्तर परत द्यायचं. लिफ्टचं बटण पाच वेळा दाबलं म्हणून लिफ्ट पाच वेळा येत नाही, तसं.

यातून ग्राहकाच्या कामाची एक गोष्ट निघते. संगणकाने तोच निरोप पुन्हा पाठवला तर क्रमांक तोच राहतो, म्हणून धोका नाही. पण ग्राहकाने घाबरून पुन्हा क्यूआर स्कॅन केला, तर तो नव्या क्रमांकाचा नवा व्यवहार होतो. त्याला कोणतीही वही अडवणार नाही. व्यवहार ‘पेंडिंग’ दिसत असताना पुन्हा पैसे पाठवणं म्हणजे दोनदा पैसे देण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग.

पुण्यातून काफ्कापर्यंत

दुसरं मराठी नाव नेहा नारखेडे यांचं. पुण्यात वाढलेल्या, पुणे विद्यापीठातून अभियांत्रिकी करून अमेरिकेत गेलेल्या. लिंक्डइनमध्ये असताना जे क्रेप्स आणि जून राव यांच्याबरोबर त्यांनी ‘काफ्का’ ही प्रणाली उभी केली. २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि २०१४ मध्ये तिघांनी मिळून कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली. नाव लेखक फ्रान्झ काफ्काचंच. लिहिण्यासाठी घडवलेल्या प्रणालीला लेखकाचं नाव द्यावं, असं क्रेप्स यांना वाटलं. काफ्काच्या कथांमधली सरकारी कचेरी आठवली तर हा विनोद थोडा काळाही वाटतो.

काफ्काने पोस्ट ऑफिसची कल्पनाच बाजूला ठेवली. पोस्टात पत्र दिलं की ते पोस्टाकडे उरत नाही. काफ्का ही रोजनिशी आहे. प्रत्येक घटना आल्या क्रमाने शेवटी लिहिली जाते आणि वाचली म्हणून पुसली जात नाही. वाचणाऱ्याने आपण कितव्या ओळीपर्यंत आलो याची खूण ठेवायची. कोणी आज वाचेल, कोणी उद्या. एसएमएस विभागाच्या प्रोग्राममध्ये चूक सापडली तर ती दुरुस्त करून, खूण मागे सरकवून, कालपासूनचं सगळं पुन्हा वाचता येतं. जुन्या ओळी किती दिवस ठेवायच्या हे ठरवता येतं. काही बदल न केल्यास ही मुदत सात दिवसांची असते.

क्रमही महत्त्वाचा. ‘पैसे आले’ आणि ‘पैसे गेले’ हे दोन निरोप उलटे पोहोचले तर शिल्लक उणे असल्याचा खोटा इशारा जाऊ शकतो. काफ्का एका वहीचे अनेक भाग करतं आणि क्रमाची हमी प्रत्येक भागापुरतीच देतं. म्हणून एका खात्याच्या सगळ्या घटना एकाच भागात पडतील अशी सोय प्रोग्रामरला करावी लागते. तिकडे दुर्लक्ष झालं की चाचणीत सगळं बरोबर चालतं आणि गर्दीच्या दिवशी गडबड होते.

‘झालं का? झालं का?’

१२ एप्रिल २०२५, शनिवार. यूपीआय तासन्‌तास अडखळलं. तीन आठवड्यांतली ही पहिली वेळ नव्हती. एनपीसीआयच्या तपासात जे पुढे आलं ते या विषयाच्या गाभ्याशी जोडलेलं आहे. काही बँकांच्या प्रणाली ‘अमुक व्यवहाराचं काय झालं?’ अशी विचारणा प्रचंड संख्येने करत होत्या, अगदी जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा. उत्तर उशिरा आलं म्हणून पुन्हा विचारणा, विचारण्यांमुळे गर्दी, गर्दीमुळे उत्तर आणखी उशिरा.

निरोप मिळवण्याचे दोन स्वभाव असतात. एकतर घडलं की समोरचा कळवतो, नाहीतर आपण दर थोड्या वेळाने विचारत राहतो. दुसरा लिहायला सोपा, म्हणून प्रोग्रामरना मोह होतो. स्वयंपाकघरात दर मिनिटाला ‘झालं का?’ विचारणाऱ्याने जेवण लवकर होत नाही, हे मात्र कोणालाही सांगता येईल. शहाणी प्रणाली उत्तर आलं नाही की थांबण्याचा काळ दरवेळी वाढवत नेते आणि त्यात थोडी अनियमितता मिसळते, म्हणजे सगळे एकाच क्षणी पुन्हा दार ठोठावणार नाहीत.

एनपीसीआयने बँकांना बजावलं की पहिली विचारणा ९० सेकंद थांबूनच करायची आणि एका व्यवहाराबद्दल दोन तासांत तीनपेक्षा जास्त वेळा विचारायचं नाही. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून एका ॲपवरून दिवसातून ५० वेळाच शिल्लक तपासता येईल अशी मर्यादाही आली. अनेकांना हा निर्बंध जाचक वाटला. पण पैसे आलेत का हे पाहायला लोक शिल्लक तपासतात ती निरोपावर भरवसा नसतो म्हणून, हेही तितकंच खरं. निरोप वेळेवर गेला तर विचारणा आपोआप कमी होते.

दुकानातला ‘रुपये प्राप्त हुए’ ओरडणारा डबा हे याचंच उदाहरण. दुकानदार हातातलं काम सोडून फोन उघडत नाही, निरोप त्याच्याकडे चालत येतो. अशा छोट्या यंत्रांसाठी ‘एमक्यूटीटी’ नावाची हलकी निरोप-पद्धत सोयीची ठरते. ती १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी वेगळ्याच कामासाठी तयार केली होती. निर्जन भागातल्या तेलवाहिन्यांवरची माहिती महागड्या उपग्रहामार्फत कमीत कमी शब्दांत पाठवण्यासाठी. तिच्यात एक गंमतशीर सोय आहे. यंत्र जोडलं जातानाच ब्रोकरकडे आपलं मृत्युपत्र ठेवतं, आणि संपर्क अचानक तुटला तर ब्रोकर ते जाहीर करतो. यंत्र गप्प आहे ते निरोप नाही म्हणून की ते बंदच पडलंय म्हणून, हा फरक त्यामुळे कळतो.

शेवटचा टप्पा

बँकेच्या रांगेतून निघालेला एसएमएस थेट तुमच्या फोनवर येत नाही. तो घाऊक एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीकडे जातो, तिथून मोबाइल कंपनीकडे, तिथे ‘ट्राय’च्या नियमांची चाळणी, मग मोबाइल कंपनीचं एसएमएस केंद्र. फोन बंद असेल तर हे केंद्र निरोप धरून ठेवतं आणि अधूनमधून प्रयत्न करतं. मुदत संपली की टाकून देतं. विमानातून उतरल्यावर फोन सुरू केला की धडाधड मेसेज येतात ते या केंद्रातून.

इथे मुदतीला महत्त्व येतं. पाच मिनिटांचा ओटीपी अर्ध्या तासाने पोहोचवण्यात अर्थ नाही, उलट जुना ओटीपी टाकून ग्राहक गोंधळतो. म्हणून नीट बांधलेल्या प्रणालीत ओटीपीची रांग वेगळी असते, व्यवहारांच्या इशाऱ्यांची वेगळी आणि ‘कर्ज घ्या’ छापाच्या जाहिरातींची वेगळी. सगळं एकाच रांगेत घातलं की वीस लाख जाहिरातींच्या मागे तुमचा ओटीपी उभा राहतो. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर दिसू लागलंय ते हाच फरक सांगतं. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ सेवा, ‘टी’ व्यवहार, ‘जी’ सरकारी.

मराठीतून इशारा पाठवण्यात आणखी एक अडचण आहे. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, देवनागरीची फक्त ७०, आणि त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे तोच मजकूर मराठीत दोन-तीन तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात.

काही निरोप कितीही प्रयत्न केले तरी पोहोचत नाहीत. क्रमांक चुकीचा असतो, मजकूर बिघडलेला असतो, किंवा घेणारा प्रोग्राम तो वाचताना दरवेळी बंदच पडतो. असा एक निरोप रांगेच्या तोंडाशी अडकला तर मागचे हजारो अडतात. म्हणून ठरावीक प्रयत्नांनंतर त्याला बाजूच्या ‘डेड लेटर क्यू’मध्ये टाकतात. नाव टपाल खात्यावरूनच आलंय. पत्ता न लागलेली पत्रं पूर्वी डेड लेटर ऑफिसात जात. टपाल खात्यात ती पत्रं उघडून पाहणारे कर्मचारी नेमलेले असत. कंपन्यांच्या या रांगेकडे कोणी रोज बघतं का, यावर त्या कंपनीची खरी परीक्षा होते.

मेसेज आला त्या क्षणी घड्याळ सुरू होतं

हे सगळं तांत्रिक वाटलं तरी पैशाच्या हक्काशी ते थेट जोडलेलं आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती घालून दिल्या. यूपीआयने एखाद्याला पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण समोर जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खात्री त्याच्यापर्यंत पोहोचली नाही, तर पाच दिवसांत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता द्यायची आहे.

फसवणुकीबाबतचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तर इशाऱ्याच्या मेसेजवरच उभं आहे. चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणामुळे खात्यातून पैसे गेले, तर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर कोणताही बोजा पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर खात्याच्या प्रकारानुसार ठरलेल्या मर्यादेपर्यंत नुकसान सोसावं लागतं. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. ओटीपी स्वतःच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. हे दिवस मोजायला सुरुवात होते ती पैसे गेल्यापासून नाही, मेसेज मिळाल्यापासून, आणि ज्या दिवशी मेसेज मिळाला तो दिवस त्यात धरला जात नाही.

जुना मोबाइल क्रमांक बँकेत तसाच राहिला असेल तर इशारा भलत्याच माणसाच्या फोनवर वाजतो, आणि रांगेच्या दृष्टीने तो व्यवस्थित पोहोचलेला असतो. घरातल्या ज्येष्ठांच्या खात्यांना कोणाचा क्रमांक जोडलाय, हे एकदा शाखेत जाऊन पाहून ठेवलेलं बरं. त्याच २०१७ च्या परिपत्रकात आणखी एक अट आहे, जी फार कमी ग्राहकांना ठाऊक असते. इशारे पाठवणाऱ्या प्रणालीने मेसेज पोहोचल्याची आणि ग्राहकाचं उत्तर आल्याची तारीख आणि वेळ नोंदवून ठेवली पाहिजे. ‘आम्ही मेसेज पाठवला होता’ असं शाखेतून सांगितलं गेलं, तर तो कोणत्या क्रमांकावर, कोणत्या तारखेला, किती वाजता पोहोचला, हे तक्रारीत लेखी विचारता येतं. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकलेला आहे.